सी५७बीएल/६ उंदीर: बडोद्यातल्या प्रयोगशाळेसाठी ‘जे’ घ्यावा की ‘एन’?

पिंजऱ्यावरच्या कार्डावर नुसतं ‘सी५७’ लिहिलेलं असेल, तर आतला काळा उंदीर चांगला की वाईट हे सांगताच येत नाही. सी५७बीएल/६ हा प्रयोगशाळांसाठी वाढवलेला काळ्या उंदरांचा वंश, आणि या नावाखाली निदान तीन वेगळे माल विकले जातात: ६जे, ६एन आणि ६जेओलाएचएसडी. रंग तोच, बांधा तोच, जनुकं मात्र जागोजागी वेगळी.

मूळ वंश एकच. क्लॅरेन्स लिटल यांनी तो १९२१ मध्ये उभा केला. १९५१ मध्ये जॅक्सन प्रयोगशाळेतून काही उंदीर अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेकडे गेले आणि तिथून शाखा वेगळ्या वाढल्या: जॅक्सनची ‘जे’, एनआयएचची ‘एन’. भावा-बहिणीचं मीलन पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवलं तरी नवी उत्परिवर्तनं थांबत नाहीत. ती उलट त्या-त्या वसाहतीत पक्की होऊन बसतात.

‘जे’ची मोठी खोड म्हणजे एनएनटी जनुक. त्याचे ७ ते ११ हे एक्सॉन, म्हणजे प्रथिनाचा नकाशा असलेले तुकडे, गळालेले आहेत. पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात एनएडीपीएच हा ऑक्सिडेशनपासून वाचवणारा रेणू बनवणारं या जनुकाचं एन्झाइम नसल्यामुळे ग्लुकोज दिल्यावर इन्सुलिन कमी सुटतं. ग्लुकोज टॉलरन्स टेस्टमधल्या रक्तातल्या साखरेचा आलेख साध्या खाद्यावरही ‘एन’पेक्षा वर जातो. ६० टक्के कॅलरी चरबीतून देणाऱ्या आहारावर मधुमेहाचं चित्र ठळक हवं असेल, तर ‘जे’ पैसे वसूल करून देतो. पण औषधाचा दावाच अँटिऑक्सिडंट असल्याचा असेल, तर हाच उंदीर पंचाईत करतो: औषधाने काम केलं की उंदरातली उणीव भरून निघाली, हे वेगळं काढता येत नाही. अशा कामाला ‘जे’ नको.

‘एन’मध्ये एनएनटी शाबूत आहे, पण सीआरबी१ जनुकात आरडी८ नावाचं उत्परिवर्तन आहे. त्यामुळे डोळ्याच्या पडद्यावर, विशेषतः खालच्या भागात, पांढरे ठिपके दिसतात. डोळ्याच्या औषधाच्या कामाला ‘एन’ घेणं म्हणजे शुद्ध पैसे वाया. सीवायएफआयपी२ या जनुकातल्या बदलामुळे कोकेनला त्याचा प्रतिसादही थंड असतो. तिसरा, ओलाएचएसडी, पार्किन्सनशी जोडलेल्या अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाशिवायच जन्मतो. पार्किन्सनवाल्यांनी बिल फाडण्याआधी हे बघावं. ऐकण्याच्या चाचण्यांना मात्र कुठलाच चांगला नाही. वय वाढेल तसं वरच्या पट्टीचं ऐकू येणं तिघांचंही कमी होतं.

सगळ्यात जास्त गोंधळ नॉकआउटमध्ये, म्हणजे एखादं जनुक मुद्दाम बंद केलेल्या उंदरांत होतो. आंतरराष्ट्रीय प्रकल्पांतले बरेच नॉकआउट ‘एन’च्या मूळपेशींतून तयार झालेत, आणि इथे त्यांच्याशेजारी तुलनेचा उंदीर (कंट्रोल) म्हणून ‘जे’ ठेवला जातो. मग दिसणारा फरक त्या एका जनुकाचा की सगळ्या पार्श्वभूमीचा? कंट्रोल म्हणून त्याच वेतातली भावंडंच घ्यावीत.

आलेला माल ‘जे’ आहे की ‘एन’, हे डीएनएवरून तपासणं अवघड नाही. कानाचा २ मिमी तुकडा ७५ मायक्रोलिटर द्रावणात (२५ मिलिमोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ०.२ मिलिमोलर ईडीटीए) ९५ अंशांवर अर्धा तास ठेवा, थंड करा, तेवढंच ४० मिलिमोलर ट्रिस-एचसीएल घाला. यातलं १ ते २ मायक्रोलिटर २० मायक्रोलिटरच्या पीसीआरला (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती काढणाऱ्या चाचणीला) पुरतं. तुकडा मोठा घेतला की पीसीआर अडतो. जेलवर डीएनएची पट्टी आली नाही तर डीएनए वाढवू नका, पातळ करून पाहा. एनएनटीसाठी तीन प्रायमर (कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे) लागतात, आणि जेलवर ओळखीचा ‘जे’, ओळखीचा ‘एन’ आणि दोघांच्या डीएनएचं मिश्रण अशा तुलनेच्या तीन रांगा हव्यातच. आरडी८ म्हणजे डीएनएतल्या एकाच बेसचं, एका अक्षराचं, गळणं आहे. साध्या अ‍ॅगरोज जेलवर ते दिसायचं नाही, सिक्वेन्सिंग करा, म्हणजे अक्षरांचा क्रमच वाचून घ्या. एनएनटी शाबूत निघालं म्हणजे ‘एन’च, असं समजू नका. ओलाएचएसडीतही ते शाबूतच असतं.

सांभाळायला हा उंदीर स्विस अल्बिनो या पांढऱ्या प्रयोगशाळेतल्या उंदराइतका सोपा नाही. पहिलटकर मादी पिल्लं खाते, नर उशिरा एकत्र केले तर भांडतात, त्वचेवर जखमा होतात. बडोद्याच्या मे महिन्यात पार्सल मागवूच नये. गाडीतल्या उकाड्यात आलेला उंदीर आठवडाभर विसाव्याला ठेवूनही काही वेळा सावरत नाही.

खरेदीच्या पत्रात पूर्ण नाव लिहा, ‘सी५७ ब्लॅक माइस’ नको. पुरवठादाराकडून उपवंश, वसाहत आणि पिढीचा आकडा लेखी मागा. काही जण नुसतं ‘इनब्रेड’ (अंतःप्रजनित) लिहून पाठवतात, ते परत करा. आयएईसीच्या (संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीच्या) अर्जातही तेच नाव असू द्या. घरचं प्रजनन असेल तर दर १० पिढ्यांनी मूळ वसाहतीतून नवी जोडी आणा.