मुलाला शनिवारच्या गटात पाठवलं, त्या एका वर्षाचा अनुभव

मी एसटीत कंडक्टर आहे, नोकरीला १९ वर्षं झाली. राहायला पुण्यातल्या एका वस्तीत. मुलगा आता दहावीत जाईल. मागच्या जूनपासून मार्चपर्यंत तो दर शनिवारी संध्याकाळी आमच्या समाजमंदिरात भरणाऱ्या मुलांच्या गटात जात होता. १३ ते १७ वयाची वीसेक मुलं, फी नाही. बायका-मुलींवर होणारा त्रास थांबवण्यात मुलांनी काय करायचं, हा या गटाचा विषय. चालवणाऱ्या संस्थेचं आणि वस्तीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मुलांनी तिथे घरातल्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि आमच्याकडे घर ओळखायला वेळ लागत नाही.

पाठवायचं कारण सांगतो. आठवीत असताना त्याच्या वर्गातल्या पोरांनी मोबाईलवर ग्रुप काढून मुलींच्या फोटोंना मार्क दिले होते. शाळेने पालकांना बोलावलं. माझ्या मुलाने फोटो टाकला नव्हता, मार्क दिले नव्हते, नुसते हसण्याचे इमोजी टाकले होते. मी म्हटलं, हसलाच ना, त्यात काय एवढं. बायको म्हणाली, "अहो, तो हसला म्हणून तर दुसऱ्याने पुढचा फोटो टाकला." गटात त्याचं नाव तिनेच जाऊन घातलं.

शाळेत तेव्हा एक तासाचं व्याख्यानही झालं होतं. प्रत्येक मुलीला बहीण समजा, असं सांगून पाहुणे गेले. गटातल्या दादाने पहिल्याच महिन्यात मुलांना विचारलं, की बहिणीला तुम्ही संध्याकाळी सातनंतर बाहेर जाऊ देता का? तिचा फोन बघता का? पोरं गप्प. मग म्हणे बहीण समजून तिचं काय भलं होणार? हा दादा २४ वर्षांचा, शेजारच्या वस्तीतला, लहानपणी अशाच गटात बसलेला. सतरंजीवर गोल करून बसवतो, आवाज चढवत नाही. माझ्या मते अर्धं काम तिथेच होतं.

एका शनिवारी त्यांना २४ तासांचं घड्याळ काढायला दिलं, एक आईचं आणि एक वडिलांचं. मुलगा रात्री आईला विचारून विचारून लिहीत होता. पहाटे पाचला पाणी भरणं, डबे, चार घरची पोळ्यांची कामं, परत येऊन धुणं, रेशन, आजीची औषधं, रात्री साडेदहाला ओटा पुसणं. माझ्या घड्याळात ड्युटी सुटल्यापासून झोपेपर्यंतचा तुकडा कोराच राहिला. तो म्हणाला, "पप्पा, इथे काय लिहू?" मला उत्तर सुचलं नाही. कागद अजून कपाटाच्या दारावर चिकटवलेला आहे. आता पाणी मी भरतो, पहिल्या फेरीची ड्युटी नसेल तेव्हा.

दुसऱ्या एका वेळी प्रत्येकाला दहा चिठ्ठ्या दिल्या, त्यातल्या तिनांवर खूण. गल्लीतल्या दहा लग्न झालेल्या बायका मनात आणायच्या, नाव बोलायचं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या साधारण २९ टक्के विवाहित बायकांनी नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलंय, म्हणजे दहातल्या तीन. त्या रात्री पोरगा जेवला नाही. अंथरुणात पडल्यावर मला म्हणाला, "पप्पा, तुम्ही मम्मीला मारलं होतं ना, तेव्हा मी पलंगाखाली होतो." तो तेव्हा सहा वर्षांचा होता. एकदाच हात उचलला होता मी, आणि झोपला असेल असं धरून चाललो होतो. बायकोची माफी मी दुसऱ्या दिवशी मागितली, त्याच्यासमोर. नऊ वर्षं उशिरा.

दिवाळीनंतर पालकांची बैठक झाली. वीस पोरांचे चार बाप आले. दादाने एक गोष्ट सांगितली ती मला माहीत नव्हती. १९९१ साली मुंबईत एका पत्रकाराने इंग्रजी पेपरात जाहिरात दिली, की बायकोला मारणं ज्यांना मान्य नाही असे पुरुष हवेत. २०५ पुरुषांनी उत्तर पाठवलं. त्यातूनच १९९३ साली हरीश सदानी आणि इतरांनी 'मावा' (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज, म्हणजे हिंसा आणि छळाविरुद्ध पुरुष) ही पुरुषांची संघटना उभी केली. म्हणजे मी शाळेत होतो तेव्हापासून आपल्याच महाराष्ट्रात पुरुष हे काम करतायत, आणि आमच्या डेपोत आजवर कुणी त्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही.

त्याच बैठकीत पोरांनी बाकं मांडून एसटी केली. दादा म्हणाला, "काका, तुम्ही खरे कंडक्टर, तुम्हीच व्हा." एक मुलगा ओढणी घेऊन मुलगी झाला, दुसरा गर्दीत तिला खेटून उभा राहिला. मी नेहमीसारखा ओरडलो, "पुढे सरका, पुढे सरका!" माझ्या मुलाचा मित्र म्हणाला, "काका, तुम्ही सरका म्हणालात आणि तो तिला आणखी चिकटला." १९ वर्षं मी हेच ओरडतोय.

मुलींच्या गटातल्या तिघी त्या दिवशी बोलवल्या होत्या. पोरांचं ठरलं होतं की त्या माणसाला धरून हाणायचं. त्यातली एक बारावीची मुलगी उठली आणि म्हणाली, "मारामारी करू नका. मारामारी झाली की घरी कळतं, आणि घरी कळलं की माझं कॉलेज बंद." मग सगळ्यांनी मिळून दुसरे उपाय काढले. मध्ये जाऊन उभं राहायचं. त्या माणसाला सुट्टे पैसे मागायचे, तिकीट दाखवायला लावायचं, जागेवरून हलवायचं. मुलीला आधी हळूच विचारायचं, तुला काय हवंय.

जानेवारीत सकाळच्या फेरीला हे करायची वेळ आली. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं तशी गाडीत बायकांची गर्दी वाढलीय, आणि "अर्ध्या तिकिटात पूर्ण सीट पाहिजे" असले टोमणेही. पासवाली एक मुलगी दांड्याला धरून उभी होती, तिच्या मागे चाळिशीचा माणूस. मी त्याला हाक मारली, तिकीट बघायचंय म्हणून पुढे बोलावलं आणि ड्रायव्हरच्या केबिनशी उभं ठेवलं. मुलीला माझ्या सीटवर बसवून विचारलं, बाळ, गाडी पोलीस ठाण्याला घ्यायची का? ती म्हणाली, नको काका, पेपर आहे. मी घंटी दिली. दुसऱ्या दिवशी ती चढली आणि सरळ पुढच्या सीटवर येऊन बसली.

आता जे पटलं नाही तेही लिहितो. गणपतीत समाजमंदिर मंडळाला दिलेलं असतं, तीन शनिवार बुडाले आणि दुसरी जागा कुणी शोधली नाही. मोबाईलवरच्या गोष्टींसाठी एकच शनिवार ठेवला होता. पोरं दिवसभर फोनमध्ये असतात, माझ्या मुलाचं सगळं सुरूच तिथून झालं होतं, त्याला निदान महिनाभर द्यायला हवा होता. आणि पालकांची बैठक शनिवारी पाच वाजता. रिक्षावाले, वॉचमन, आमच्यासारखे शिफ्टवाले त्या वेळेला कुठून येणार? बाप येत नाहीत असं म्हणण्याआधी रविवारी सकाळी बोलावून बघा. मार्चमध्ये प्रमाणपत्र दिलं आणि संपलं, हे तर मला अजिबात आवडलं नाही. नुकतं बोलायला लागलेलं पोरगं असं मध्येच सोडू नये. मी दादाला हे तोंडावर सांगितलंय. महिन्यातून एकदा जुन्या मुलांना बोलवायचं त्यांनी कबूल केलंय.

मुलगा पूर्ण बदललाय असं मी म्हणणार नाही. बहिणीवर अजून खेकसतो. पण त्या वर्गाच्या ग्रुपवर परत एक फोटो आला तेव्हा त्याने "काढ हा" एवढंच लिहिलं आणि आणखी दोघांनी तेच लिहिलं. फोटो निघाला. हे मला त्याने सांगितलं नाही, बहिणीने सांगितलं.

आपल्या भागात असा गट असेल तर मुलाला तेराव्या वर्षीच घाला, सतरा होईपर्यंत थांबू नका. नाव घालताना दोन गोष्टी विचारा: शिकवणारा वर्षभर तोच राहणार का, आणि मुलींचं म्हणणं गटात येतं का. आमच्याकडची पुढची बॅच शाळा सुरू झाल्यावर जूनमध्ये आहे. बापांची बैठक यंदा रविवारी ठेवणार म्हणालेत. त्या दिवसाची ड्युटी मी आत्ताच एकाशी बदलून घेतलीय, आणि त्याचा पोरगाही तेरा वर्षांचा आहे.