टोकाच्या झूमला फोकस चुकतोय: लेन्स जुळवून घ्यावी की मिररलेस बॉडी घ्यावी?

आक्षी, हर्णै, गुहागर... कोकण किनाऱ्यावर पक्षी टिपणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली. डीएसएलआरवरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावरची) ७०-३०० एमएम झूम लेन्स ७० ला लख्ख फोटो देते आणि ३०० ला गेलं की सुरूची फांदी स्पष्ट, समुद्र गरुडाचा डोळा मात्र मऊ, म्हणजे धूसर. मग लेन्स विकायची भाषा सुरू होते. एवढी घाई नको.

क्रॉप (फुल-फ्रेमहून लहान) सेन्सरवर १० मीटरवरचा पक्षी ७० एमएम, एफ/४.५ अॅपर्चरला (लेन्सच्या छिद्राचा आकडा) घेतला तर साधारण साडेतीन मीटरचा पट्टा स्पष्ट येतो. ३०० एमएम, एफ/५.६ ला तोच पट्टा २५ सेंटिमीटरच्या आसपास उरतो. फोकसची चूक दोन्हीकडे असू शकते. ७० ला ती खपून जाते, इतकंच.

खर्च कशावर करायचा हे जांभ्याचा गडगा (चिऱ्यांचं कुंपण) सांगेल. त्याला तिरकं उभं राहा, मधल्या एका चिऱ्यावर छापील कागद चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन (हलणं सावरणारी सोय) बंद, यूव्ही फिल्टर काढलेला. कागदावर फोकस करून एक फोटो व्ह्यूफाइंडरला डोळा लावून, एक लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर पाहून. कागद मऊ आणि त्याच्या मागचे किंवा पुढचे चिरे स्पष्ट दिसले तर फोकस कुठे पडतोय ते तिथेच कळतं. हे सकाळीच करा. ऊन चढलं की तापलेली हवा थरथरते, आणि त्या हवेतून महागातली मिररलेसही (आरसा नसलेला कॅमेरा) मऊच फोटो देते.

दोन्ही फोटो मऊ आले तर टॉर्च मारून काचेत बुरशीचं जाळं आहे का पाहा. आपल्या दमट हवेत ती लवकर धरते. बुरशी असो वा काच सरकलेली, ते काम सर्व्हिस सेंटरचं. बॉडी बदलून काही साधणार नाही.

फक्त व्ह्यूफाइंडरचा फोटो चुकला, तरच खरी निवड समोर येते. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, तो आणि लेन्स यांचं गणित जरा हुकलं की हे होतं. निकॉन डी५०० किंवा कॅनन ७डी मार्क २ असेल तर मेन्यूतूनच फुकटात जुळवता येतं. कॅननमध्ये झूमच्या दोन्ही टोकांना वेगळा आकडा देता येतो. निकॉनमध्ये लेन्सला एकच, म्हणून तो ३०० लाच ठरवा. सिग्माच्या ठरावीक झूम लेन्स यूएसबी डॉकवर (लेन्स कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) चार फोकल लेंग्थ (झूमचे आकडे) आणि चार अंतरांना जुळवता येतात. डी३५००, डी५६०० किंवा कॅनन १५००डी मध्ये मात्र ही सोयच नाही.

मिररलेसमध्ये फोटोचा सेन्सरच फोकस मोजतो, त्यामुळे हा दोष जवळपास उरत नाही. खर्च मोठा, पण जुनी लेन्स अडॅप्टरवर चालते: कॅननच्या ईएफ लेन्स बिनधास्त, निकॉनच्या एएफ-एस (आत फोकसची मोटर असलेल्या) एफटीझेड अडॅप्टरवर ठीक, जुन्या, मोटर नसलेल्या एएफ-डी मात्र त्यावर ऑटोफोकस करत नाहीत. किनाऱ्यावर लेन्स बदलणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की अनेक मिररलेस बॉडींत तेव्हा सेन्सर उघडाच असतो. वारा, रेती, खारं पाणी सगळं थेट आत.

माझा कौल असा: मेन्यूत किंवा डॉकवर सोय असेल तर जुळवा, नवीन काही घेऊ नका. ती नसेल आणि पक्ष्यांचाच नाद असेल, तर नव्या लेन्सऐवजी पैसे मिररलेस बॉडीत घाला. तेवढं बजेट नसेल तर मुंबई-पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला बॉडी आणि लेन्स दोन्ही एकत्र द्या, सोबत गडग्याचे दोन्ही फोटो. नुसती लेन्स दिली तर तुमच्या बॉडीशी ती जुळलीय का, हे तिथे तपासताच येत नाही.