मधुमेहाचे चूर्ण आणि आईची सकाळची गोळी

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून परतताना आईने एका आयुर्वेदिक दुकानातून मधुमेहावरच्या चूर्णाची डबी 380 रुपयांना आणली. गुडमार, कारले, मेथी, जांभळाच्या बिया आणि विजयसार हे घटक डबीवर प्रमाणासह छापलेले आहेत, चूर्ण बारीक दळलेले आहे आणि वासही ताजा आहे, हे आधी मान्य करतो. परंतु 'पूर्णपणे नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत' या ठळक ओळीखेरीज, ज्यांच्या गोळ्या आधीपासून चालू आहेत त्यांनी काय करावे, याबद्दल डबीवर अवाक्षर नाही.

आई नऊ वर्षे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराईड या मधुमेहाच्या गोळ्या घेते. एकट्या मेटफॉर्मिनमुळे साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. ग्लिमेपिराईड मात्र स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि जेवण लांबले म्हणून थांबत नाही. तिची मात्रा डॉक्टरांनी ठरवली तेव्हा चूर्ण हिशेबात नव्हते, म्हणून दोन्ही मिळून साखर प्रमाणाबाहेर उतरेल अशी शंका येते. कारल्याची भाजी खाणाऱ्या, क्लोरप्रोपामाईड ही ग्लिमेपिराईडच्याच गटातील जुनी गोळी घेणाऱ्या एका स्त्रीची अशीच नोंद 1979 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. म्हणजे ही शंका काही नवी नव्हे.

बाराव्या दिवशी मासळी उशिरा आली. आईने चूर्ण नेमाने एक वाजता, जेवणाआधी घेतले आणि हुमण अजून चुलीवर असतानाच तिला दरदरून घाम फुटला, हात कापू लागले. ग्लुकोमीटरवर 58 हा आकडा आला. 70 च्या खाली गेले की लगेच साखर द्यावी लागते. चमचाभर साखर तोंडात घातली, तर ती थुंकायला निघाली आणि म्हणाली, "अरे, ही साखर की वाळू?" गुडमारातील आम्ले जिभेची गोडाची जाणीव काही काळ बंद पाडतात, त्याला नावही त्यावरूनच पडले आहे; पण भर दुपारी घाबरलेल्या घरात हे कोणाला आठवणार? ती साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी आकडा 84 वर आला.

त्या बारा दिवसांत उपाशीपोटीची साखर थोडी उतरली होती, हे खरे. मात्र त्याच काळात आईने संध्याकाळची बिस्किटेही सोडली होती, त्यामुळे श्रेय कोणाला द्यावे हे सांगता येत नाही. डॉक्टरांनी चूर्ण बंद करायला सांगितले आणि गोळीची मात्रा तशीच ठेवली.

आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गोव्यातील मधुमेहाचे प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक, आढळले. अशा राज्यात हे चूर्ण विकणाऱ्याने 'गोळी कोणती चालू आहे?' एवढे तरी विचारायला हवे होते. चूर्णाच्या दर्जाला मी पाचपैकी तीन देईन, डबीवरील माहितीला एक, आणि दुकानातील सल्ल्याला शून्य. डबी अजून अर्धी भरलेली आहे. पैसे मोजले आहेत म्हणून आई ती टाकू देत नाही, तेव्हा मी ती माळ्यावर ठेवली आहे.