आईच्या साड्यांची गोधडी: शिवून घेण्याआधी

घरच्या साड्या देऊन हातानं शिवून घेतलेली गोधडी दुकानातल्या तयार रजईपेक्षा बहुतेकदा महाग पडते आणि हातात यायला वेळ लागतो. तरीही मूल असलेल्या घरानं ती घ्यावीच, कारण ती उसवता येते. मूल उंच झालं की तिला जोड देता येतो, वरचा थर विरला की त्यावर दुसरी साडी घालता येते, मधला थर खराब निघाला तर तो काढता येतो. पॉलिस्टरचा कापूस भरलेली मशीनची रजई पहिल्या दिवशी फुगीर दिसते. तिचे टाके दूरदूर असतील तर काही धुण्यांत कापूस कोपऱ्यात गोळा होतो आणि मग तिचं काहीच करता येत नाही.

शिवून देणाऱ्यांकडे, मग तो महिला बचत गट असो की घरी काम करणाऱ्या मावशी, सहसा ‘चार-पाच साड्या आणा’ एवढंच सांगितलं जातं. हिशोब आपणच करून जावा. एका माणसाच्या गोधडीला ६० बाय ९० इंच पुरतात. सुती साडीचा पन्हा साधारण ४५ इंच धरला, तर ६० इंचांचे दोन तुकडे एकाखाली एक जोडले की एक थर होतो. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे तिच्यातून असे तीन तुकडे निघतात. नऊवारी सव्वाआठ मीटरच्या आसपास, तिच्यातून पाच. पाच थरांना दहा तुकडे लागतात, म्हणजे दोन लुगडी किंवा चार सहावारी. सहावारीत दोन तुकडे उरतात. ते परत मागून घ्यावेत. कडेच्या गोटाला आणि पुढे ठिगळांना तेच कापड लागतं.

थर किती हवेत हे गावावर ठरतं. मुंबईत किंवा कोकण किनाऱ्यावर तीन थर भरपूर झाले. पुण्या-नाशकाकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास किंवा खाली जातो, तिथे पाच हवेत. सातच्या पुढे जाऊ नये. सुई सगळ्या थरांतून नीट पार होत नाही, टाका खालच्या थराला धरत नाही, आणि गोधडी पांघरूण न राहता ओझं होते.

साड्या निवडताना बहुतेक आया एक चूक करतात: सगळ्यात आवडती, सगळ्यात जुनी साडी वर लावायला सांगतात. जुनी साडी आधी उजेडासमोर धरून पाहावी आणि दोन्ही अंगठ्यांनी हलकी ताणावी. चर्र आवाज आला किंवा जाळी दिसली, तर ती पोटातच घालावी. तिथे ती आणखी कित्येक वर्षं टिकते. वर-खाली घट्ट विणीच्या, पण निदान पाच-सहा धुण्यांनी मऊ झालेल्या साड्या हव्यात. कोरी साडी घालायचीच असेल तर आधी रात्रभर पाण्यात भिजवून खळ काढावी आणि कडकडीत उन्हात वाळवावी. नाहीतर पहिल्याच धुण्यात ती आटते, जुने थर आटत नाहीत, आणि सगळीकडे चुण्या पडतात. रंग जातो का हे पाहायला ओला पांढरा फडका साडीवर घासून पाहावा. साडीचा फॉल उसवून काढावा. तो जाड असतो, वेगळा आटतो आणि बोटाला कायम कडक लागतो. जरीचा काठ गालाला ओरखडतो, म्हणून लहान मुलाच्या गोधडीत तो नकोच. सिंथेटिक साडी थरात सरकते आणि घाम शोषत नाही.

बाळाचे जुने कपडे लावून मिळतात का, हे हमखास विचारलं जातं. सुती झबली आणि परकरांचे तुकडे छान बसतात. होजिअरीचा टीशर्ट मात्र ताणला जातो, त्याला मागून पातळ सुती कापड लावून मगच टाके घालायला सांगावं. जीन्सचा तुकडा नको.

शिवण तपासायला जागच्या जागी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, जोड. सगळ्या थरांचे जोड एकावर एक आले तर पोटावर आडवी दोरीसारखी रेघ उमटते आणि झोपणाऱ्याला ती रात्रभर टोचते. चांगली कारागीर एका थरात जोड मधोमध घेते. पुढच्या थरात अख्खा तुकडा मध्ये ठेवते आणि दुसरा आडवा चिरून अर्धा डोक्याकडे, अर्धा पायाकडे लावते. दुसरी, दोरा. तो सुतीच हवा, दुहेरी ओवलेला. पॉलिस्टरचा दोरा तुटत नाही खरा, पण जुन्या मऊ कापडाला हळूहळू कापत जातो, आणि दोरा शाबूत राहून साडीच फाटते. सुती दोरा आधी तुटतो आणि तेवढाच पुन्हा घालता येतो. तिसरी, ओळींमधलं अंतर. एक इंचाचं अंतर रोजच्या वापराला पुरेसं आहे.

दर ठरवतानाही गोधडीच्या आकारापेक्षा हे अंतर पाहावं. ६० बाय ९० च्या गोधडीत एकेक इंचावर ओळी घातल्या तर जवळपास १३७ मीटर धावदोरा घालावा लागतो. अर्ध्या इंचावर घातल्या तर दुप्पट. एवढं काम एक बाई जमिनीवर गोधडी पसरून, पाठ वाकवून करते. घासाघीस करताना तो आकडा डोळ्यासमोर असावा. आणि जो दोन दिवसांत देतो म्हणेल, तो मशीन लावणार हे धरून चालावं. मशीनची शिवण वाईट नसते, पण ती उसवताना जुनं कापड टिकत नाही, आणि मग गोधडी घेण्याचं मूळ कारणच संपतं.

बाळाचं दुपटं वेगळ्या नियमांनी घ्यावं. ३६ बाय ३६ इंच, दोन किंवा फार तर तीन थर, घुंगरू-आरसे-गोंडे काहीही नको. वर्षाच्या आतल्या बाळावर झोपेत सुटं पांघरूण घालू नये, ते तोंडावर येऊ शकतं. पातळ दुपटं कडक गादीवर सपाट, कडा दाबून अंथरावं आणि बाळाला अंगभर कपडे घालावेत. पाच थरांची मऊ गोधडी अंथरायलाही तान्ह्या बाळाला योग्य नाही. बारशाला अशा गोधड्या भेट येतात. त्या बाजूला ठेवून दोन वर्षांनी काढाव्यात, तेव्हा त्या खऱ्या उपयोगी पडतात.

धुण्याबद्दल शिवणारे फार सांगत नाहीत. पाच थरांची गोधडी कोरडी असताना साधारण दोन किलोची भरते, आणि ओली दुपटीहून जड होते. एकाच दोरीवर लोंबत टाकली तर मधले टाके ताणून तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरून टाकावी किंवा गच्चीवर चटईवर वाळवावी. मोठं धुणं होळीनंतरच्या उन्हात उरकावं. श्रावणात धुतली तर वरून कोरडी लागते, आत ओल राहते आणि कुबट वास बसतो. ठेवताना कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पी-डी या विकराची जन्मतः कमतरता असते, आणि या गोळ्यांतल्या नॅप्थॅलिनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटून जिवावर बेतू शकतं.

आता त्या साड्यांबद्दल, ज्या ‘लेकीच्या बाळंतपणाला काढू’ म्हणून ट्रंकेत असतात. सुती साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली की त्या घडीवरच चिरते. वीस वर्षं जपलेली साडी उलगडताना हातात दोन तुकडे येणं फार जिव्हारी लागतं. ठेवायचीच असेल तर दर चार-सहा महिन्यांनी घडी बदलावी. पण त्यापेक्षा ती आत्ताच, घरात मूल लोळत असताना शिवून टाकावी. मुलाला ती आईच्या अंगावर पाहिलेली आठवत असते, त्या वयातच ती त्याच्या अंगावर यावी. त्यासाठी नवीन काही आणायला नको, कपाटातल्या चार साड्यांत काम होतं.

लहानपणी छोटी शिवलेली गोधडी वाढवण्याची वेळ बहुधा दहावी-बारावीनंतर येते, मूल हॉस्टेलला निघतं तेव्हा. हॉस्टेलची कॉट अरुंद असते, ५४ बाय ८४ इंच पुरे होतात. लहानपणीचं दुपटं फेकू नये, ते या गोधडीच्या पोटात जातं. फक्त ते जसंच्या तसं घातलं तर तेवढ्याच जागी फुगवटा येतो, म्हणून आधी उसवून एकेरी करावं आणि तुकडे पायाकडच्या बाजूला शेजारी शेजारी पसरायला सांगावं. खांद्याकडे जाड झालं तर कूस बदलताना गोधडी ओढली जाते, पायाला मात्र ती ऊब बरी वाटते. वरून पाहणाऱ्याला आत काय आहे ते कळत नाही, मुलाला सांगून ठेवावं.

गोधडीबरोबर उरलेल्या तुकड्यांतला एक हातभर तुकडा, सुती दोऱ्याचं रीळ आणि मोठ्या नेढ्याची सुई द्यावी. गोधडी पहिल्यांदा कडेला, गोटापाशी उसवते, कारण ओढताना हात तिथेच पडतो. धावदोरा घालायला मुलगा असो की मुलगी, निघायच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटांत शिकवून होतो.