टिळकवाडीतल्या मॅडम: दहा महिने, बावीस सेशन आणि तो इंग्रजी कागद

गेल्या मंगळवारी संध्याकाळी बेळगावहून सुटलेली आमची खानापूरची बस उद्यमबागेजवळ तुंबली. मार्चचा उकाडा, उभ्या माणसांची दाटी, पुढे ट्रकची रांग. आणि माझ्या छातीत पुन्हा तेच सुरू झालं. हात गार पडले, घसा सुकला, कानांतून वाफा निघायला लागल्या. पाच महिन्यांत असं झालं नव्हतं. मागच्या वर्षीची मी असते तर कंडक्टरला हाक मारून तिथंच उतरले असते आणि नवऱ्याला फोन लावला असता. या वेळी जागेवरून हलले नाही. घड्याळ बघितलं, ५:४८. मनात एकच वाक्य म्हटलं, ‘हे जीव घाबरा होणं आहे, हे चढतं आणि उतरतं.’ ५:५७ ला छाती शांत होती. मच्छे येईपर्यंत शेजारच्या मावशींशी मिरचीच्या भावावर बोलणं सुरू झालं होतं.

या त्रासासाठी बेळगावच्या टिळकवाडीत ज्या मॅडमकडे दहा महिने उपचार घेतेय, त्यांच्याबद्दल म्हणून आज लिहायला बसले. क्लिनिकचं आणि मॅडमचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारही आहे. आणि जुलैत मी दोन मैत्रिणींना ‘तिथं जाऊ नका, पैसे कापतात’ असं सांगितलं होतं, त्याचाही हिशेब पुरा करायचा आहे.

मला जे होतं त्याला पॅनिक म्हणतात, म्हणजे अचानक येणारा भीतीचा झटका. मानसोपचारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात, गोळ्या लिहून देतात. मॅडम मानसशास्त्रज्ञ आहेत, गोळ्या लिहून देत नाहीत, बोलून उपचार करतात. एमए नंतर क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एमफिल केलेलं आहे, भारतीय पुनर्वास परिषदेचा (अशा तज्ज्ञांची नोंदणी तिथं होते) नोंदणी क्रमांक भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर आहे. आधी काही वर्षं इस्पितळात नोकरी, मग टिळकवाडीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. तो क्रमांक जाण्याआधी नक्की विचारा. ‘कौन्सेलर’ अशी पाटी हल्ली कुणीही लावतं.

माझी गोष्ट थोडक्यात. मी बेळगावात एका पतसंस्थेत हिशेब बघते, खानापूरहून रोज ये-जा. मागच्या जानेवारीत माझा थोरला भाऊ हार्टनं गेला, वय सत्तेचाळीस. फेब्रुवारीत बसमध्ये मला पहिला झटका आला. घरच्यांना वाटलं, हिचंही तेच. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, परत ईसीजी, सगळं मिळून सात हजार चारशे रुपये गेले आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. सासूबाई रोज विचारायच्या, ‘काय होऊलंय गं तुला?’ मला सांगता यायचं नाही. बस सोडली आणि वडापनं, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी गाडीनं, जायला लागले, पुढची दाराजवळची सीट धरून. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आम्हा बायकांना सरकारी बस फुकट आहे. आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. ती सोडून मी रोज ऐंशी रुपये मोजत होते. हिशेबाचं काम करणाऱ्या बाईला हे किती लागतं, ते तिचं तिलाच माहीत. मे महिन्यात मॅडमकडे गेले ते खरं तर त्या ऐंशी रुपयांपायी.

मॅडमनी आधी रिपोर्टची फाईल उघडून पानन् पान बघितलं. हृदय आणि थायरॉईड डॉक्टरांनी तपासलेलं आहे याची खात्री झाल्यावरच पुढं बोलल्या. हे मला फार पटलं.

आता कागदाकडे येते.

पहिल्या दिवशी तीन पानांचा संमतीचा फॉर्म दिला, सगळा इंग्रजी. मी सही केली. पतसंस्थेत मी रोज सभासदांना सांगते, ‘काका, वाचून सही करा.’ आणि इथं माझं डोकं इतकं बधिर होतं की बोट ठेवलं तिथं सही करून मोकळी झाले. दुसऱ्या पानावर नियम होता: चोवीस तास आधी कळवलं नाही तर अर्धी फी लागेल. जुलैत एका शनिवारी खानापूर तालुक्यात पाऊस धो धो कोसळत होता, मलप्रभा फुगलेली, नवऱ्यानं घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. सकाळी आठला मेसेज केला. पुढच्या वेळी ४५० रुपये जादा मागितले. मी दिले, पण नंतर दोन आठवडे गेले नाही. मैत्रिणींना जे सांगितलं ते याच दिवसांत.

या ४५० रुपयांबद्दल माझं मत आता बदललं आहे. मॅडम दिवसाला पाच-सहाच माणसं घेतात. त्या तासाला दुसरं कुणी बसवता येत नाही, भाडं चालूच राहतं, महिन्याला ठरावीक पगार नाही. दुपारी सेशन नसतं तेव्हा त्या टिपणं लिहितात, आणि महिन्यातून दोनदा आपल्याहून ज्येष्ठ तज्ज्ञाला फी देऊन त्यांच्याकडून स्वतःच्या कामाची तपासणी करून घेतात, नावं न सांगता. आमच्याकडे ऑडिट होतं तसंच हे. हे कळल्यावर मला अर्ध्या फीचं काही वाटेनासं झालं. पण नियम मला माझ्या भाषेत सांगायला हवा होता, ही तक्रार आजही कायम आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आपली माहिती गुप्त राहण्याचा आणि आपले कागद बघायला मिळण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. तो हक्क ज्या पानावर लिहिला होता ते पानही मी न वाचता उलटलं. आपण इथं सरकारी कचेरीत मराठी परिपत्रकासाठी वर्षानुवर्षं भांडतोय. मग जिवाचा कागद इंग्रजीत कसा चालवून घ्यायचा?

फॉर्मपेक्षा मोठं दुखणं म्हणजे घरी भरायचा तक्ता. उपचाराची पद्धत सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, विचार आणि वागणं बदलायचा उपचार. (बेळगावच्या बसस्थानकालाही सीबीटी म्हणतात. नवऱ्याला हे सांगितलं तर त्याला वाटलं, मी बसस्थानकावर भेटायला बोलावतेय.) ॲरन बेक या अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात ही पद्धत उभी केली. माणसाच्या मनात आपसूक येणारे विचार पकडायचे, कागदावर उतरवायचे आणि खरे-खोटे तपासायचे. तक्त्यात रकाने असतात: प्रसंग, विचार, भावना आणि तिची तीव्रता शंभरपैकी, विचाराच्या बाजूचा पुरावा, विरुद्ध पुरावा, नवा विचार. मला मिळालेली झेरॉक्स इंग्रजी होती आणि भावनेच्या रकान्याखाली बारीक अक्षरात पर्याय होते: सॅड, अँक्शस, अँग्री, गिल्टी. मी दर वेळी लिहायचे, ‘अँक्शस, ८०’. पाच आठवडे ‘अँक्शस, ८०’. परीक्षेतल्या गाळलेल्या जागा भरल्यासारखं. काहीही हललं नाही, आणि साडेचार हजार रुपये गेले. तेव्हा चिडून मी मॅडमना म्हणाले, ‘हा कागद माझा नाहीच.’

मॅडम धारवाडकडच्या, मातृभाषा कन्नड. मराठी बेळगावात येऊन शिकल्या. चांगली बोलतात, मध्येच ‘होय की’ म्हणतात. त्यांनी तक्ता बाजूला सारला आणि विचारलं, ‘ताई, हे तुमच्या आईला सांगायचं असतं तर कसं सांगितलं असतं?’

मी म्हटलं, ‘आई, बसमध्ये जीव घाबरा झाला.’

‘आणि आदल्या रात्री, बसचा विचार करताना?’

‘तेव्हा धास्ती.’

‘आणि दादा गेले तेव्हा?’

‘तेव्हा धसका घेतला मी.’

त्यांनी पेन उचललं, तिन्ही शब्द आपल्या वहीत कन्नड अक्षरांत लिहून घेतले आणि प्रत्येकाचा अर्थ मला परत परत विचारला. धास्तीत धडधड असते का? धसक्यात झोप जाते का? त्यांच्याकडे ‘एदी डवडव’ (छातीत धडधड) म्हणतात ते यांतलं कुठलं? अख्खा पाऊण तास यातच गेला. घरी जाताना मला वाटलं, आज उपचार झालाच नाही, नऊशे रुपये गप्पांत गेले. पुढच्या सेशनला कळलं की खरं काम त्या दिवशीच सुरू झालं होतं.

कारण तिन्हींचे उपाय वेगळे निघाले. धास्ती म्हणजे उद्याची बस आजच मनात चालवणं. तिच्यावर उपाय बस टाळायची नाही हाच. जेवढी टाळाल तेवढी ती वाढते. मग आम्ही पायऱ्या ठरवल्या: नवऱ्याबरोबर पिरनवाडीपर्यंत, मग एकटीनं पिरनवाडीपर्यंत, मग दाराजवळची सीट सोडून मधली, मग गर्दीच्या वेळी खानापूरपर्यंत.

जीव घाबरा होणं शरीराचं. डेव्हिड क्लार्क या इंग्लंडच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडलेलं मॅडमनी चित्र काढून समजावलं. छाती धडधडते, आपण म्हणतो ‘हार्ट गेलं’, त्या भीतीनं आणखी धडधडते, असं ते चक्र स्वतःलाच वाढवत जातं. ते तोडायला तीच धडधड मुद्दाम आणायची. मला फिरत्या खुर्चीत एक मिनिट गरगरा फिरवलं. नाक दाबून बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. जिना चार वेळा चढउतार. नाडी १२६ वर गेली. मी थरथरत बसले होते आणि मॅडम समोर घड्याळ धरून शांत बसल्या होत्या. सात मिनिटांत उतरली. एकही गोळी नाही, पाण्याचा घोट नाही.

गोळीचं सांगायलाच हवं. माझ्या पर्समध्ये दादाच्या कपाटातली जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी होती. सहा गोळ्या उरलेल्या, एका कोपऱ्यात त्यानं नखानं उकरलेली खूण. मी ती कधी घेतली नाही, पण ती असल्याशिवाय उंबरा ओलांडला नाही. मॅडमना हे चौदाव्या सेशनला सांगितलं. त्या ‘फेकून द्या’ म्हणाल्या नाहीत. ‘एक दिवस ती घरी राहू दे,’ एवढंच म्हणाल्या. मी ती देवघराच्या फळीवर ठेवली आणि ऑफिसला गेले. त्या दिवशी बसमध्ये मला रडू आलं, खूप. पण ते रडणं दादासाठीचं होतं, वर्षभरात पहिल्यांदा. धसक्याचा उपाय तोच होता. पुढची तीन सेशन आम्ही बसचं नावही काढलं नाही, फक्त दादाबद्दल बोललो.

तक्त्याचं पुढं काय झालं? ऑफिसात एक जुनी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, कोरी पडली होती, ती मी घरी आणली. नावेच्या, म्हणजे खर्चाच्या, बाजूला घाबरवणारा विचार, जमेच्या बाजूला त्याविरुद्धचा पुरावा, खाली शिल्लक. ‘आज हार्ट बंद पडणार’ हे नावे. जमेला: इको नॉर्मल, जिना चार वेळा चढले, असं एकवीस वेळा वाटलं आणि एकवीस वेळा घरी पोचले. शिल्लक: ‘घाबरेन, पण पोचेन.’ ‘अँक्शस ८०’ जाऊन ‘धास्ती ४०, जीव घाबरा १५’ असं लिहायला लागले. मॅडमना ही वही इतकी आवडली की त्यांनी माझ्या परवानगीनं तिचा नमुना उतरवून घेतला.

खर्च. डिसेंबरअखेर एकोणीस सेशन नऊशेनी, जानेवारीपासून तीन सेशन हजारानं, अधिक ते ४५०. एकूण २०,५५० रुपये. सुरुवातीला दर आठवड्याला, ऑगस्टपासून पंधरवड्याला, आता महिन्याला. माझी पॉलिसी फक्त इस्पितळात दाखल झालं तर पैसे देते, त्यामुळे सगळं खिशातून. वडापचे महिन्याला दोन हजार वाचायला लागले ते सप्टेंबरपासून. त्यानुसार जुलै उजाडेपर्यंत रक्कम जवळजवळ भरून निघेल. हे गणित मी मांडलं तेव्हा नवरा म्हणाला, ‘तू परत हसतीयास, ते कुठल्या खात्यात धरलंस?’ ते धरलेलं नाही.

इतकी फी झेपत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास आणि फुकट आहे. रात्री अपरात्री जीव कासावीस झाला तर तो लावाच. मला दर आठवड्याला समोर बसणारं एकच माणूस हवं होतं, म्हणून मी हा खर्च केला.

बाकी किरकोळ. बाहेरच्या खोलीत चारच खुर्च्या, दोनदा खानापूरचं ओळखीचं माणूस भेटलं. आता मॅडम दोन सेशनच्या मध्ये पंधरा मिनिटं सोडतात. लिफ्ट नाही. पावती मागितल्यावरच मिळते, ती न मागता मिळायला हवी.

लिहायला घेतलं तेव्हा इंग्रजी कागदाबद्दल अजून चार कडक ओळी लिहायच्या ठरवल्या होत्या. पण परवा मॅडमनी व्हॉट्सॲपवर तीन पानं पाठवली: संमतीचा फॉर्म, मराठीत. ‘ताई, चुका काढा’ असा निरोप. चोवीस तासांचा नियम आता पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरात आहे. मी लाल पेनानं सतरा दुरुस्त्या केल्या. एकच जागा अडली आहे. ‘डिस्ट्रेस’ला त्यांनी ‘मानसिक व्यथा’ लिहिलंय. मी तिथं ‘जिवाची घालमेल’ सुचवलंय. त्या म्हणतात, सहीच्या कागदावर हा शब्द शोभेल का? मी म्हणते, वाचणाऱ्या बाईला तो पहिल्या फटक्यात कळेल. येत्या शनिवारी सेशनची दहा मिनिटं यासाठी ठेवायचं ठरलंय, आणि त्या दहा मिनिटांची फी मॅडम घेणार नाहीत.