जॉइनिंगच्या आधीची बॅच, खारघर : पाचपैकी तीन स्टार

एनडीएत, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत निवड झालेल्या पोरांसाठी खारघरमध्ये महिनाभराची एक बॅच चालते. फी नऊ हजार. जाहिरातीत लिहिलंय, ‘फर्स्ट टर्मचा खरा अनुभव’, म्हणजे तिथल्या पहिल्या सहा महिन्यांचा. भाची त्या बॅचला होती आणि तिला सोडायचं-आणायचं काम माझ्याकडे. मी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो, नोकरीतली काही वर्षं खडकवासल्यातच गेली. त्यामुळे रोज कट्ट्यावर बसून बारीक नजरेने बघितलं, तेच लिहितोय. क्लासचं नाव देत नाही.

पहाटे साडेपाचला सेंट्रल पार्कच्या बाहेरच्या रस्त्यावर पळवतात, मधूनमधून खारघर हिलचा चढ. याला पूर्ण मार्क. मे महिन्यात सातलाच अंग चिकचिकायला लागतं, पळवायचं तर त्याआधीच, हे त्यांना कळतं. प्यायचं पाणी भरलेलं असतं, कुणाला चक्कर आली तर बसवतात. भाचीचा दम चांगला वाढला.

गडबड त्यानंतर सुरू होते. मुख्य सर सैन्याच्या कॉम्बॅट युनिफॉर्मची पँट चढवून येतात (नव्या पॅटर्नचं डिझाइन सैन्याने 2022 मध्ये आपल्या नावावर नोंदवून घेतलं, तरी कापड बाजारात मिळतंच) आणि शिट्टी तोंडात धरून ‘रगडा’, म्हणजे शिक्षा म्हणून अंग मोडेल अशी कसरत, देतात. पेव्हर ब्लॉकवर फ्रंट रोल! भाचीची पाठ मणक्याच्या रेषेत सोलून निघाली. मी विचारलं तर म्हणाले, “काका, तिकडे याहून वाईट असतं.” अहो, तिकडे मैदान असतं, डॉक्टर असतो. इथे जॉइनिंगच्या तोंडावर पोराचा खांदा निखळला तर तुम्ही काय भरून देणार? वर शिवीगाळ. भाची गाडीत मागे बसून म्हणाली, “मामा, सर ओरडायला लागले की मला हसूच येतं हो.” सीनियरने ज्युनियरच्या अंगाला हात लावणं अकॅडमीच्या शिस्तीत बसत नाही. कधी होतच नाही असं मी म्हणणार नाही, पण म्हणून त्याची तिकिटं लावायची?

फर्स्ट टर्मर ओरडण्याने मोडत नाही, त्याला घड्याळ मोडतं. पहाटे फॉल-इन म्हणजे रांगेत हजेरी, मग ड्रिल नाहीतर पीटी, तिथून सायकली ओळीत हाकत वर्गात. एकट्याने मजेत सायकल मारत जायचं नाही. वर्ग नावाला नसतात, शेवटी जेएनयूची डिग्री असते आणि पहिल्या तासालाच डोळे मिटायला लागतात. पट्टी परेड म्हणजे एका ड्रेसमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, दिलेल्या मिनिटांत धावत खाली. एक जण उशिरा आला की सगळे परत वर. ड्रिल स्क्वेअर टेस्ट, म्हणजे कवायतीची परीक्षा, पास होईपर्यंत पुण्यात फिरायला सुट्टी नाही, म्हणून पास झालेलं पोरगं घरी असं कळवतं की जणू कमिशनच मिळालं, अधिकारीच झालं. सेकंड टर्मला कॅम्प ग्रीनहॉर्न, म्हणजे बाहेर रानात प्रशिक्षणाचा कॅम्प. आणि सहा टर्म निघाल्या की अंतिम पग, म्हणजे पासिंग आउट परेडमधलं शेवटचं पाऊल.

“मुलींना झेपेल का?” असंही सरांनी एकदा ऐकवलं. 2022 मध्ये आत गेलेल्या पहिल्या तुकडीतल्या 17 मुली मे 2025 मध्ये पास आउट झाल्या, एवढंच मी त्यांना सांगितलं. शिट्टी परत तोंडात गेली.

आता तीन स्टार कशाचे, तर शनिवारी येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचे. नेव्हीतून निवृत्त, आवाज इतका हळू की पोरं आपोआप जवळ सरकतात. आधी बुटांचं पॉलिश. जुन्या सुती बनियनची चिंधी दोन बोटांवर ताणून गुंडाळायची, मागे पिळा मारून मुठीत धरायची. डबीतलं पॉलिश नखाएवढंच घ्यायचं. बुटाच्या टोकावर बारीक गोल, मध्येच पाण्याचा एक थेंब, परत गोल. सुरुवातीला चामडं उलट धुरकट होतं, मग पोरं वैतागून आणखी पॉलिश चोपडतात. “थापू नका, फिरवत राहा,” एवढंच म्हणायचे. अर्ध्या तासाने टोकात वरच्या ट्यूबलाइटची रेघ दिसायला लागली.

मग पार्किंगमध्येच पट्टी परेड. ट्रॅकसूटवरूनच पांढरा शर्ट, टाय, लेदरचे बूट. भाची सगळ्यात आधी तयार, ऐटीत उभी. बोलणी तिलाच बसली. “शेजारचा टायमध्ये अडकलाय आणि तू काय फोटो काढायला उभी आहेस?” पुढच्या फेरीत ती आधी त्या पोराच्या टायची गाठ मारायला धावली, स्वतःची लेस लोंबतेय याचं भान नाही. बॅच वेळेत रांगेत उभी राहिली. माझे नऊ हजार तिथे वसूल झाले.

पुढची बॅच जानेवारीच्या कोर्सवाल्यांची असेल. पैसे भरण्याआधी शनिवारचे नेव्हीवाले काका येणार आहेत का, ते विचारून घ्या. रोल गवतावर घ्या म्हणून ठणकावून सांगा. मुलींना कपडे बदलायला खोली नाही, त्यावर मला फक्त “बघतो” मिळालं. सर्टिफिकेट आणि टी-शर्टचे आठशे वेगळे मागतात, ते देऊ नका. बहिणीने दिले. सर्टिफिकेट खडकवासल्यात कुणी बघणार नाही आणि टी-शर्ट पहिल्याच धुण्यात आटला.