मतदानाचं स्कॅनर मशीन: मशीनला चार स्टार, बिलाला दोन

अमेरिकन सिटिझन झाल्यापासून तीन निवडणुकांना पोल वर्कर म्हणून बसलोय, म्हणजे पहाटे पाचला पोचायचं, सीलचे नंबर टिपायचे, मशीनमध्ये आधीपासून एकही मत नाही हे दाखवणारी झिरो टेप काढून सह्या करायच्या आणि रात्री पाठ धरून घरी. त्यामुळे आमच्या काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्ह्याने, घेतलेल्या नव्या स्कॅनरचा रिव्ह्यू लिहायला मी पात्र आहे असं मीच ठरवलंय.

मशीन छान आहे. कागदी मतपत्रिकेवर पेनाने गोल भरायचा, मशीनच्या तोंडात सरकवायची, काही सेकंदांत काम झालं. एकाच पदासाठी चुकून दोन गोल भरले तर मशीन पत्रिका बाहेर ढकलतं आणि विचारतं की असंच टाकायचंय की नवीन घेताय, हे मला सगळ्यात आवडलं. कागद खालच्या पेटीत शाबूत राहतो, उद्या भांडण झालंच तर हाताने मोजा. एकच खोड, कागद जरा दमट झाला की नखरे सुरू. एका आजींची पत्रिका चारदा परत आली, शेवटी त्या मलाच म्हणाल्या, तूच बघ बाबा काय ते.

आता बिल. इथे दिल्लीहून आयोगाने मशीन पाठवली असा प्रकार नाही. बहुतेक राज्यांत खर्च काउंटीच्या डोक्यावर, विस्कॉन्सिनमध्ये तर गावं आणि शहरंच निवडणुका घेतात, मेरीलँडमध्ये राज्य आणि काउंटी अर्धा अर्धा खर्च उचलतात. काउंटीचा पैसा म्हणजे मुख्यतः प्रॉपर्टी टॅक्स, त्याच पैशातून शेरीफ, तुरुंग, रस्ते. त्या रांगेत दोन वर्षांतून चार दिवस लागणारं मशीन कुठे उभं राहणार तुम्हीच सांगा.

उत्सुकता म्हणून काउंटी बोर्डाच्या बजेट मीटिंगला जाऊन बसलो. कोटेशनच्या पहिल्या पानावर मशीनची किंमत ठळक अक्षरात, आणि सॉफ्टवेअर लायसन्स, मेंटेनन्स, दर निवडणुकीच्या मतपत्रिकेचं प्रोग्रामिंग हे सगळं दर वर्षी किंवा दर निवडणुकीला लागणारं प्रकरण पार मागे बारीक अक्षरात. मशीन आठ-दहा वर्षं वापरायचं, मग ही शेपटी केवढी होते याचा हिशोब मांडायला कोणी तयार नव्हतं, आणि बाजारात मोठ्या कंपन्याच दोन-तीन, त्यामुळे घासाघीस तरी कोणाशी करणार.

वॉशिंग्टनचा पैसा येतो, नाही असं नाही, पण मनात येईल तेव्हा. 2000 साली राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत फ्लोरिडात पंचकार्डांचा, म्हणजे भोक पाडून मत द्यायच्या पत्रिकांचा, घोळ होऊन अख्खं राज्य 537 मतांवर ठरलं, मग 2002 चा हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट आला आणि 3 अब्ज डॉलरहून जास्त रक्कम राज्यांकडे गेली. बऱ्याच ठिकाणी घाईघाईत कागद नसलेले टचस्क्रीन घेतले गेले. सॅरासोटा काउंटीने तर त्याच्याही आधी घेतलेले. फ्लोरिडातल्याच त्या काउंटीत 2006 मध्ये अमेरिकन संसदेच्या एका जागेसाठी जवळपास 18,000 मतदारांचं त्या जागेपुढे मतच नोंदलेलं नाही, आणि निकाल लागला 369 मतांनी! 2007 मध्ये फ्लोरिडाने कायदा करून बहुतेक मतदारांना परत कागदावर आणलं, म्हणजे टचस्क्रीन जेमतेम पाच-सहा वर्षांत निकालात आणि परत नवीन खरेदी. 2010 नंतर 2002 च्या त्या केंद्राच्या कायद्याखाली थेट 2018 मध्ये पैसे मिळाले, 38 कोटी डॉलर, 2020 च्या तोंडावर आणखी 42.5 कोटी, 2024 ला 5.5 कोटी आणि 2025 ला फक्त 1.5 कोटी, तेही सगळ्या देशात वाटून. असल्या पैशावर दहा वर्षांचं प्लॅनिंग कसं करणार? एकदा मिळालेल्या पैशात मशीन येतं, त्याची सर्व्हिस येत नाही.

म्हणून आमच्या काउंटीने एक काम शहाणपणाचं केलं असं मला वाटतं. सगळ्यांसाठी स्क्रीन न घेता हाताने भरायची पत्रिका ठेवली, प्रत्येक केंद्रावर एक स्कॅनर आणि अपंग मतदारांसाठी कायद्याने लागतंच ते एक स्क्रीनवालं मशीन, बस. स्क्रीनसमोर एका वेळी एकच माणूस उभा राहतो, म्हणजे रांग नको असेल तर एकेका केंद्रावर बरीच मशीन हवीत, त्यांच्या बॅटऱ्या, प्रिंटर, गोदाम, सगळं आलं. जॉर्जियाने 2019 मध्ये सगळ्या राज्यासाठी स्क्रीनवाला मार्ग धरला तेव्हा कंत्राट साधारण 10.7 कोटी डॉलरचं होतं, राज्याने रोखे काढून पैसे उभे केले. हाताने गोल भरायला मात्र टेबल, पुठ्ठ्याचा आडोसा आणि पेन पुरतं, एका वेळी दहा जण बसतात.

आणि हो, पेन आम्ही देतो तेच वापरा. जेल पेनची शाई ओली राहते आणि स्कॅनरची काच खराब होते, मग पुसायला मलाच खाली वाकावं लागतं.